माशाचे तोंड काय सांगते?

मुडावदला पांझरा नदी तापीला मिळते. तेथे किंवा भुसावळच्या बाजारात मासळीची पाटी दिसली, तर जरा थांबा आणि माशांची तोंडे पाहा.

कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतींवर जगतो. मृगळाचे तोंड खाली असते. तो तळच्या गाळातले कुजके अन्न वेचतो. ताटे वेगळी, म्हणून एकाच तळ्यात तिघेही सुखाने वाढतात. त्यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात!

आता शिवडा पाहा. जबडा डोळ्यांच्याही मागे फाटलेला, आत बारीक दातांचे पट्टे. हा रात्री लहान मासे गिळतो. म्हणून मत्स्यबीज सोडण्यापूर्वी तळ्यातून शिवडे काढून टाकतात.

मग शिवडा आपला शत्रू का? तळ्यात होय, नदीत नाही. नदीत तो लहान माशांची संख्या आटोक्यात ठेवतो. अतोनात मासेमारीमुळे आज तोच जगातील धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे.

घरी मासा आणला, तर त्याचे आतडे मोजून पाहा. रोहूचे आतडे शरीराच्या कित्येक पट लांब भरेल, शिवड्याचे मात्र आखूड. असे का, सांगा पाहू? पाला पचायला वेळ लागतो, मांस लवकर पचते!