अंधारातली सफर आणि आपली चिमुकली

ईदची नमाज झाली, शिरखुर्मा झाला, नातेवाइकांकडून ईदी गोळा झाली की मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अब्बा, आता फिरायला कुठे?" ठाण्यात या प्रश्नाची वाट बहुधा माजिवडा नाक्यावरून जाते. पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रोड आणि नाशिककडे जाणारा महामार्ग इथेच एकत्र येतात. राबोडी, भिवंडी, कल्याणकडची कुटुंबे ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इथून वेगवेगळ्या दिशांना पांगतात. कोणी मानपाड्याच्या टिकुजिनीवाडीला जाते, कोणी मॉलमधल्या खेळांकडे वळते, तर कोणी वर्षभर पैसे साठवून खोपोलीच्या इमॅजिकाला निघते.

अशा ठिकाणी एक खेळ हमखास असतो. छोट्या गाडीत किंवा होडीत बसवून माणसांना बंद, काळोख्या इमारतीतून नेतात. वळणावर अचानक दिवा लागतो, एखादा सांगाडा पुढे येतो, किंकाळी ऐकू येते. याला 'डार्क राइड' म्हणतात. आपल्या लहानपणी उरुसाच्या मेळ्यात आणि जत्रेत पाळण्यांशेजारी भूतबंगल्याचा तंबू असायचा, त्याचेच हे मोठे आणि महागडे रूप.

मोठ्यांना यात गंमत वाटते. पण बाहेर येणाऱ्या गाडीत बऱ्याचदा एखादे चार वर्षांचे मूल आईच्या ओढणीत तोंड लपवून हमसाहमशी रडत असते, आणि घरचे हसत असतात. त्या मुलासाठी हा खेळ होता का, हा प्रश्न तिकिटाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीच विचारायला हवा.

भीतीचा धंदा जुना आहे

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल या समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरात १९३० साली 'घोस्ट ट्रेन' नावाचा खेळ सुरू झाला आणि तो प्रकार जगभर पसरला. १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडले, तेव्हा हिमगौरीच्या गोष्टीवर एक अंधारी सफर होती. तिच्यात हिमगौरी कुठे दिसतच नव्हती, कारण गाडीत बसलेला प्रेक्षक म्हणजेच हिमगौरी अशी कल्पना होती. मुलांच्या वाट्याला आली ती अंधारातून अंगावर येणारी चेटकीण. गोड परीकथा समजून आत गेलेली मुले रडत बाहेर येऊ लागली. १९८३ साली या खेळाच्या नावातच 'भीतीदायक' या अर्थाचा शब्द घालण्यात आला, म्हणजे आईवडिलांना आधीच अंदाज यावा. २०२१ साली तर तो बराच सौम्य करून नव्या नावाने उघडला गेला. मुलांसाठी कल्पनांचे कारखाने चालवणाऱ्यांनाही हे कळायला अनेक वर्षे लागली.

आपल्याकडे गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. तिथला 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांना आठवत असेल. ते उद्यान २०२२ साली बंद झाले. इमॅजिका २०१३ साली उघडले. तिथे अंधारातले खेळ अनेक आहेत आणि ते सगळे सारखे नाहीत. 'अलीबाबा और चालीस चोर'मध्ये गाडीत बसून निशाणे टिपायची असतात. हातात काम असल्यामुळे मुलाचे मन भीतीपेक्षा खेळात गुंतते. 'राजासॉरस'मध्ये होडीतून जाताना डायनासोर गुरगुरतात. 'सलीमगढ' मात्र सरळसरळ भुताटकीचा खेळ आहे. खरा सलीमगढ दिल्लीत आहे. शेरशाह सूरीचा मुलगा इस्लामशाह ऊर्फ सलीमशाह याने तो १५४६ साली बांधला. खेळातली भुते बनावट असली तरी तो इतिहास खरा आहे, आणि मोठ्या मुलांना घरी परतताना सांगण्यासारखा आहे.

उंचीची पट्टी काय सांगत नाही

खेळाच्या दाराशी उंचीची पट्टी असते. मूल तिथपर्यंत पोचले की आपण निश्चिंत होतो. पण ती पट्टी शरीराच्या सुरक्षेसाठी असते. पट्ट्यात मूल नीट अडकेल का, झटक्यात घसरणार नाही ना, एवढेच ती मोजते. मुलाचे मन ती मोजत नाही. उलट अंधाऱ्या सफरीत गाडी बहुतेक वेळा हळू चालते, म्हणून उंचीची अटही सौम्य असते. जोरात फिरणाऱ्या पाळण्यापासून आपण मुलाला लांब ठेवतो आणि भूतबंगल्यात मात्र मांडीवर घेऊन जातो.

दोन-तीन वर्षांपासून साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला 'दिसते ते' आणि 'असते ते' यातला फरक पक्का कळत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी मुलांच्या भीतीचा दीर्घ अभ्यास केला. त्यात असे दिसले की लहान मुले रूपाला घाबरतात. 'हल्क' या मालिकेतला भला माणूस हिरवा, अक्राळविक्राळ होऊन लोकांना वाचवतो, तरी लहानग्यांना त्याचा बदललेला चेहराच भिववतो. थोडी मोठी मुले मात्र 'असे खरेच घडू शकेल का' या विचाराने घाबरतात. म्हणूनच चार वर्षांच्या मुलाला "अरे, ते प्लास्टिकचे आहे, खोटे आहे" असे सांगून फारसा उपयोग होत नाही. त्याला जवळ घेणे, पाणी देणे, आवडीचे काही हातात देणे याने भीती लवकर उतरते.

यात अंधाराची भर पडते. उन्हातून एकदम काळोखात गेल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि सफर तर काही मिनिटांत संपते. म्हणजे मूल संपूर्ण वेळ जवळजवळ आंधळे असते. कान मात्र उघडे असतात. मोठ्यांना माहीत असते की पाच मिनिटांनी दार उघडेल. मुलाला ते माहीत नसते.

आपला दीन काय शिकवतो

मौजमजेला इस्लामने मनाई केलेली नाही. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. आयशा (रजि.) यांना ते मन भरेपर्यंत पाहू दिले, हे बुखारी शरीफमध्ये आहे. तेव्हा ईदला मुलांना फिरवणे ही चांगलीच गोष्ट आहे.

पण भिववणे ही वेगळी गोष्ट आहे. एका प्रवासात एक सहाबी झोपले होते. कोणी गमतीने त्यांची दोरी उचलली आणि ते दचकून जागे झाले. तेव्हा एका मुसलमानाने दुसऱ्या मुसलमानाला घाबरवणे वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मोठ्या माणसाची ही थट्टा चालली नाही, तर बोलताही न येणाऱ्या बाळाची कशी चालेल? नमाजमध्ये एखाद्या बाळाचे रडणे कानी आले तर प्रेषित (स.) आईचा विचार करून नमाज आटोपती घेत. मुलाच्या रडण्याची कदर अशी असते.

"मुलगा असून रडतोस?" हे वाक्यही आपण सोडायला हवे. पुत्र इब्राहीम यांच्या अंतकाळी प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहिले होते. रडणे म्हणजे दुबळेपणा असता, तर ते अश्रू आलेच नसते.

आणखी एक. खेळातल्या पुतळ्याकडे बोट दाखवून "बघ, जिन्न आला" असे म्हणू नये. जिन्न हा आपल्या श्रद्धेचा विषय आहे, प्लास्टिकचा मुखवटा नव्हे. दोन्हींची सरमिसळ केली की मुलाच्या मनात श्रद्धेऐवजी धास्ती बसते. मग रात्री न्हाणीघरात जायलाही त्याला सोबत लागते.

मग न्यायचे की नाही?

सरसकट 'नाही' म्हणण्याची गरज नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला भुताटकीच्या खेळात न नेणेच बरे. त्याला त्यातून आनंद मिळण्याची शक्यता कमी आणि झोप उडण्याची जास्त. सहा ते आठच्या मुलांबाबत वयापेक्षा स्वभाव पाहावा. घरात दिवे गेल्यावर जे मूल बिलगते, त्याला थांबू द्यावे. त्यानंतरच्या वयात बहुतेक मुले भीतीचीही मजा घेऊ शकतात, मात्र जायचे की नाही हे त्यांनी ठरवावे.

तिकीट काढण्यापूर्वी आत काय आहे हे कर्मचाऱ्यांना विचारा. शक्य असल्यास घरातल्या एका मोठ्याने आधी जाऊन यावे. मुलाला खरे सांगा, "आत अंधार आहे, मोठा आवाज होतो, थोड्या वेळात आपण बाहेर येतो." दमा किंवा फिटचा त्रास असलेल्या मुलाला धूर आणि लुकलुकत्या दिव्यांपासून जपा. दाराशी पोचून मूल "नको" म्हणाले, तर मागे फिरा. पैसे वाया जातील खरे, पण "माझे अम्मी-अब्बा माझे ऐकतात" हा विश्वास त्याहून मोलाचा आहे. भावंडांनी आणि चुलत्यांनीही त्याला चिडवू नये.

मूल घाबरलेच, तर त्याच रात्री शांतपणे बोलू द्या. चित्र काढू द्या, चेटकिणीला मिशा काढू द्या. काही दिवस खोलीत मंद दिवा ठेवा. झोपताना सोबत बसून सूरह फलक, सूरह नास आणि आयतुल कुर्सी पढा. भूत पळवण्याचा मंत्र म्हणून नव्हे, तर अंधाराचाही मालक अल्लाह आहे आणि आपण त्याच्या पनाहमध्ये आहोत हे मुलाला उमजावे म्हणून. भीती आठवडे उलटूनही गेली नाही, झोप किंवा जेवण बिघडले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला संकोच करू नका.

खोपोलीचा खेळ पुढच्या वर्षीही तिथेच असेल आणि मूल एका वर्षाने मोठे झालेले असेल. घाई कसली? या ईदला त्याने फिरत्या घोड्यावर बसून तुमच्याकडे हात हलवला, तरी ईद साजरी झाली.