जगात भारी, पण नेमकं कशात?

कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीच्या कुठल्याही कट्ट्यावर संध्याकाळी जरा वेळ थांबलं, की ‘जगात भारी’ हे शब्द एकदा तरी कानावर पडतातच. मंगळवार पेठेला हा अभिमान शोभतोही. खासबाग मैदान हाकेच्या अंतरावर, केशवराव भोसले नाट्यगृह त्याच्या पाठीला पाठ लावून, जयप्रभा स्टुडिओ पेठेतच आणि अंबाबाईचं देऊळ चालत जाण्याइतकं जवळ. पण इतिहास तोंडोतोंडी फिरला की सालं सरकतात, नावं एकमेकांत मिसळतात. आणि या चुकांनी कोल्हापूर मोठं होत नाही, उलट त्याचं खरं श्रेयच झाकलं जातं. कट्ट्यावर नेहमी ऐकू येणारे असे काही गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती.

१. गैरसमज : ‘प्रभात’ ही पुण्याची कंपनी आणि ‘जयप्रभा’ तिचाच कोल्हापुरातला स्टुडिओ.

वस्तुस्थिती : प्रभात फिल्म कंपनीचा जन्म १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाला. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे पाच भागीदार. यांतले पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभातनं कोल्हापुरातच काढला. पुण्याला मुक्काम हलला तो १९३३ मध्ये.

जयप्रभाचा प्रभातशी काहीच संबंध नाही. तो मुळात राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या आश्रयानं उभा राहिलेला ‘कोल्हापूर सिनेटोन’. पुढे तो भालजी पेंढारकरांकडे आला आणि जयप्रभा झाला. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत स्टुडिओ पेटला, तरी भालजींनी तो पुन्हा उभा केला.

२. गैरसमज : केशवराव भोसले नाट्यगृह केशवरावांसाठी बांधलं.

वस्तुस्थिती : शाहू महाराजांनी हे नाट्यगृह उभारलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘पॅलेस थिएटर’. ते १९१५ मध्ये सुरू झालं. त्या वेळी केशवराव पंचविशीत होते. १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली होती. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत गाजलेला ‘संयुक्त मानापमान’ त्यांनी केला आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांचं नाव नाट्यगृहाला मिळालं ते १९५७ मध्ये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

मागचं खासबाग मैदान नाट्यगृहाहून जुनं आहे. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं पुरातन क्रीडागार पाहून शाहू महाराजांनी हे मैदान बांधवून घेतलं. मध्ये खोलगट हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी रचना, त्यामुळे शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते.

३. गैरसमज : ऑलिंपिकमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक पदक लिअँडर पेसचं.

वस्तुस्थिती : पेसचं कांस्यपदक १९९६ चं. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक त्याच्या ४४ वर्षं आधी, १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळालं. ते जिंकलं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात. खाशाबा शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. ऑलिंपिकची त्यांची ती पहिली वारीही नव्हती. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडनला गेले होते आणि फ्लायवेट गटात सहावे आले होते. तोवर ते मातीत खेळलेले, तिथे गादीवर लढावं लागलं. १९५२ ला पैशाची अडचण आली, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले.

मातीवरून आठवलं. तालमीतल्या हौद्याची माती ही नुसती लाल माती नव्हे. चाळलेल्या तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालून ती मळतात. ती मऊ राहावी, अंगाला घासली तरी जखम चिघळू नये, हा त्यामागचा विचार.

४. गैरसमज : तालीम म्हटली की फक्त कुस्ती.

वस्तुस्थिती : हंगामात शाहू स्टेडियमवर या. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही सगळी फुटबॉल संघांची नावं आहेत. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, पैलवान चेंडू खेळायला उतरले. प्रत्यक्षात इथे तालीम म्हणजे पेठेची संघटना. तिचा गणपती असतो, तिचे पैलवान असतात आणि तिचा फुटबॉल संघही असतो. पेठेपेठेतली चुरस या मैदानावर दिसते, आणि सामना हरला तर दुसऱ्या दिवशी गल्लीत तोंड दाखवणं अवघड होतं.

५. गैरसमज : अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस तिथीनं ठरतात, आणि किरणं मुखापर्यंत पोहोचली नाहीत तर देवीचा कोप.

वस्तुस्थिती : आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात, म्हणून ते कॅलेंडरात पुढेमागे होतात. किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं गाभाऱ्यातल्या देवीपर्यंत पोहोचण्याचा सोहळा, शुद्ध सूर्याचा. म्हणूनच तो दरवर्षी त्याच तारखांना येतो : ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी.

याच तारखा का? देऊळ पश्चिमाभिमुख आहे, पण बरोबर पश्चिमेला सूर्य मावळतो तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरमध्ये. एरवी तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. गाभाऱ्यातून महाद्वारापर्यंत जी सरळ रेषा जाते, तिच्यावर सूर्यास्त येतो तो सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेला सुमारे १८ अंश सरकलेला असताना. दक्षिणेला जाताना एकदा आणि परतताना एकदा, असा तो या रेषेवरून दोनदा जातो. वळण २१ डिसेंबरच्या सुमाराला. आता मोजून पाहा. ९ नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर ४२ दिवस, आणि तिथून १ फेब्रुवारीही ४२ दिवस. एकीकडचे तीन दिवस माहीत असले, तर दुसरीकडचे एखाद्या दिवसाच्या फरकानं बोटांवर काढता येतात.

किरणं खालून वर का चढतात, याचं उत्तरही सोपं आहे. सूर्य जरा वर असतो तेव्हा किरणं तिरपी येऊन फरशीवर पडतात. तो क्षितिजाकडे झुकत जातो तशी ती आडवी होत जातात आणि फरशीवरून चरणांवर, मग कमरेवर, मग मुखावर येतात. म्हणजे मुखावर किरणं यायची, तर सूर्य अगदी क्षितिजाला टेकलेला असताना दिसायला हवा. त्या शेवटच्या काही मिनिटांत क्षितिजावर ढग, धूर किंवा धूळ आली, अथवा वाटेत एखादा उंच मजला आडवा आला, की किरणं कमरेपाशीच थांबतात. दोष असलाच तर तो हवेचा आणि आपण उठवलेल्या बांधकामांचा. देवीला त्यात ओढायचं कारण नाही.

६. गैरसमज : दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो.

वस्तुस्थिती : आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत, आणि कोल्हापूर आहे सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. सूर्याला हे अंतर कापायला ३३ मिनिटं लागतात. म्हणून कोल्हापूरची खरी दुपार साधारण साडेबाराला होते, फेब्रुवारीत तर पाऊण वाजायला येतो. आणि सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षात दोनच वेळा, मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवशी उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते. ऑगस्टमध्ये ढगांमुळे ती संधी हुकते, तेव्हा मे महिनाच बघावा.

७. गैरसमज : कोल्हापुरी जेवण म्हणजे नुसता जाळ.

वस्तुस्थिती : कोल्हापुरी घरात मटण शिजलं की आधी त्याचं अळणी पाणी काढून ठेवतात. त्याच पाण्यातून दोन रस्से निघतात. एक कांदा-लसूण मसाल्याचा तांबडा आणि दुसरा नारळाचं दूध घातलेला पांढरा, ज्यात लाल तिखट पडतच नाही. जेवताना दोन्ही वाट्या शेजारी लागतात, आणि तांबड्यानं पोळलेल्या जिभेला पांढरा निववतो. ‘व्हेज कोल्हापुरी’ मात्र हॉटेलांच्या मेनूकार्डावरचा पदार्थ. इथल्या घरात तो शोधून सापडायचा नाही.

आणि तिखटाला ‘आपलं पूर्वापार’ म्हणताना थोडं जपून. मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ मध्ये आल्यावर पोर्तुगीजांबरोबर ती इकडे पोहोचली. त्याआधीचा तिखटपणा मिऱ्याचा होता.

८. गैरसमज : कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापुरात होते.

वस्तुस्थिती : २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी-निपाणीचे कारागीरही तितकेच हक्काचे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, आणि खिळ्याऐवजी कातड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, ही अस्सल पायताणाची ओळख. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानमध्ये याच घडणीच्या चपला मांडल्या, तेव्हा आक्षेप घ्यायला आणि मूळ कबूल करवून घ्यायला ही कायदेशीर ओळखच हाताशी होती. नुसती बढाई तिथे चालली नसती.

९. गैरसमज : राजाराम म्हणजे शिवरायांचे पुत्र आणि शाहू म्हणजे शाहू, एकच.

वस्तुस्थिती : बाजीरावाला पेशवाई देणारे शाहू साताऱ्याचे, त्यांचा काळ १६८२ ते १७४९. आपले राजर्षी शाहू १८७४ ते १९२२. ते मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक आले.

राजाराम तर तीन. शिवरायांचे पुत्र राजाराम १७०० मध्ये सिंहगडावर गेले. राजारामपुरी ज्यांच्या नावाची, ते राजर्षींचे पुत्र. आणि या दोघांमधले राजाराम सगळे विसरतात. हे कोल्हापूरचे तरुण राजे १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लोरेन्सला वारले. वय अवघं वीस. जिथे दहनाची रीत नव्हती, त्या शहरात परवानगी काढून आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर हिंदू पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारून तिच्याखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. तो आजही आहे. जवळ १९७० च्या दशकात मोठा पूल झाला, त्याला फ्लोरेन्सची माणसं ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. त्यांची प्रवासाची डायरी १८७२ मध्ये पुस्तकरूपानं छापली गेली.

१०. गैरसमज : आरक्षण स्वातंत्र्यानंतर, राज्यघटनेबरोबर आलं.

वस्तुस्थिती : २६ जुलै १९०२ च्या करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये जाहीरनामा निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांनी भरायच्या. राजर्षी शाहू महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नव्हता. १८९४ मध्ये कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारातल्या ७१ जागांपैकी ६० एकाच जातीकडे असल्याचं त्यांनी पाहिलं होतं. जाहीरनाम्यात अंमलबजावणीची सोयही होती. ज्या खात्यात मागासवर्गीयांचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची, आणि नेमणुकांचा तपशील खातेप्रमुखांनी दर तिमाहीला कळवायचा. हेतू चांगला असूनही हुकूम कागदावर राहतात ते अशा हिशेबाअभावी. कोल्हापूरच्या दरबारानं तो हिशेब राज्यघटनेच्या जवळपास अर्धशतक आधी मागितला होता.