एक तिरपी रेघ, 29 ‘ए’ आणि कोरा पासवर्ड

‘नंबर सांगा, रिमोट घेतो.’ ऑफिसातला कॉम्प्युटर अडला की आयटीवाल्याचं हे वाक्य ठरलेलं. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागतो आणि दोन मिनिटांत काम फत्ते. याच तंत्राची थोरली भावंडं म्हणजे रिमोट मॅनेजमेंटची सॉफ्टवेअरं. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून ती एका वेळी हजारो मशीन सांभाळतात, अपडेट टाकतात, प्रोग्रॅम बसवतात, काढतात. त्यासाठी त्यांना प्रत्येक मशीनवर सर्वोच्च अधिकार दिलेले असतात. त्यामुळे त्यांच्यात एखादी फट राहिली, तर धोका त्या हजारो मशीनना एकदमच. आणि या फटी इतक्या साध्या असतात, की वाचून डोळे विस्फारतात.

फक्त एक ‘/’

फेब्रुवारी 2024. अमेरिकेतल्या कनेक्टवाइज कंपनीचं ‘स्क्रीनकनेक्ट’ जगभरचे आयटीवाले वापरतात. ते पहिल्यांदा बसवताना एक सेटअपचं पान उघडतं, त्यात मुख्य अ‍ॅडमिनचं नाव आणि पासवर्ड ठरवायचा. एकदा सेटअप झालं की ते पान कायमचं बंद. पण पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ जास्तीची टाकली, की बंद पान पुन्हा उघडायचं! मग कोणीही यावं आणि स्वतःला अ‍ॅडमिन करून घ्यावं. धोक्याच्या मोजपट्टीवर या फटीला 10 पैकी 10 गुण पडले. हंट्रेस या सुरक्षा कंपनीने तिचं बारसं केलं ‘स्लॅश अँड ग्रॅब’. कनेक्टवाइजची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: देखभालीचे पैसे न भरलेल्या ग्राहकांनाही नवी, दुरुस्त आवृत्ती घेता यावी म्हणून त्यांनी लायसन्सची अट बाजूला ठेवली.

‘एएएएए…’

एचपीई (हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज) कंपनीच्या सर्व्हरमध्ये ‘आयएलओ’ नावाची एक छोटी स्वतंत्र यंत्रणा असते. मुख्य सर्व्हर बंद असला तरी ती जागी, म्हणजे दूरवरून तो सुरू करता येतो. 2017 मध्ये संशोधकांना तिच्या चौथ्या पिढीत असं सापडलं, की वेबवरून पाठवलेल्या विनंतीतल्या ‘कनेक्शन’ या रकान्यात 29 वेळा इंग्रजी ‘ए’ लिहिला की लॉगिनची पायरीच गळून पडते. रकान्यासाठी राखलेली जागा अपुरी, अक्षरं काठावरून शेजारच्या जागेत सांडतात आणि तिथला पहारा मोडतात. एचपीईने त्याच वर्षी पॅच, म्हणजे दुरुस्ती दिली.

काहीच न देण्याची युक्ती

माझ्या मते या सगळ्यांत अजब फट इंटेलची. तिच्या ‘एएमटी’ या तंत्राने कंपनीतले कॉम्प्युटर दूरवरून हाताळता येतात, बंद असतानासुद्धा. लॉगिन करताना तुमच्याकडून एक सांकेतिक उत्तर येतं आणि यंत्र ते आपल्याकडच्या उत्तराशी ताडून पाहतं. किती अक्षरं ताडायची? तर तुम्ही पाठवली तितकी. मग उत्तर कोरंच पाठवलं तर? शून्य अक्षरं ताडायची, शून्य अक्षरं जुळली, या आत! मे 2017 मध्ये ही गोष्ट जाहीर झाली, तेव्हा आवृत्ती 6 पासून 11.6 पर्यंतचं एएमटी या फटीसह वापरात होतं.

मायक्रोसॉफ्टही यातून सुटली नाही. तिच्या अ‍ॅझ्युर क्लाउडवर काही सेवा सुरू केल्या की ‘ओएमआय’ नावाचा एजंट लिनक्स मशीनवर गुपचूप बसायचा. बहुतेक ग्राहकांना त्याचा पत्ताही नसे. सप्टेंबर 2021 मध्ये विझ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की पासवर्ड चुकला तर हा एजंट अडवतो, पण ओळखीचा रकानाच गाळून टाकला तर थेट रूट, म्हणजे सर्वोच्च अधिकार देतो. नाव पडलं ‘ओएमआयगॉड’. चपखल!

2006 च्या ‘रिअलव्हीएनसी’ या रिमोट सॉफ्टवेअरमध्ये तर पाहुणाच नियम ठरवायचा. सर्व्हर विचारणार, ओळख कोणत्या पद्धतीने पटवणार? यादीत नसलेलं उत्तर द्यायचं: ‘ओळखीशिवाय’. सर्व्हर कबूल!

तेरा वर्षांनी तीच फट

1994 मध्ये आयबीएमच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर दूरवरून लॉगिन करताना नावाच्या जागी ‘-एफरूट’ असं लिहिलं, की पासवर्ड न विचारता रूटचा ताबा मिळे. गाजावाजा झाला, दुरुस्ती झाली. 2007 मध्ये सन कंपनीच्या सोलारिस 10 वर अगदी तीच युक्ती टेलनेटमधून पुन्हा चालली. जुन्या चुका नव्या पिढीला शिकवायला हव्यात, त्या याचसाठी.

स्वीडनमध्ये गल्ले बंद

आता सर्वांत मोठा किस्सा. 2021 च्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधल्या डीआयव्हीडी या स्वयंसेवकांच्या संस्थेला ‘कासेया व्हीएसए’ या रिमोट मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक फटी सापडल्या. त्यांनी बोभाटा न करता कंपनीला कळवलं. कंपनीनेही टाळाटाळ केली नाही. काही फटी बुजल्या, उरलेल्यांचं काम शेवटच्या टप्प्यात होतं. तेवढ्यात 2 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या जोडसुट्टीआधीच्या शुक्रवारी, ‘रेव्हिल’ या खंडणीखोर टोळीने डाव साधला.

टोळीच्या तावडीत कासेयाचे साठहून कमी थेट ग्राहक सापडले. पण ते ग्राहक म्हणजे दुसऱ्यांची आयटी सांभाळणाऱ्या कंपन्या. त्यांच्यामागून दीड हजारापर्यंत व्यवसाय कुलूपबंद झाले. स्वीडनच्या ‘कूप’ किराणा साखळीची सुमारे 800 दुकानं यात अडकली. गंमत म्हणजे कूप स्वतः कासेया वापरतच नव्हती! तिच्या गल्ल्यांची यंत्रणा पाहणारी कंपनी वापरत होती. माल होता, गिऱ्हाईक होतं, पण बिल करता येईना म्हणून दारं बंद.

हल्ल्याची कारागिरीही पाहण्यासारखी. कासेयाच्या एजंटचं फोल्डर अँटिव्हायरसने तपासू नये, अशी शिफारस कंपनीच्याच सूचनांत होती. टोळीने नेमकी तीच जागा निवडली, घातक फाइलला ‘हॉट-फिक्स’ म्हणजे तातडीची दुरुस्ती म्हटलं आणि ती चालवायला मायक्रोसॉफ्टच्याच अँटिव्हायरसची जुनी, खरीखुरी प्रत वापरली.

मागणी होती 7 कोटी डॉलरची, त्यात सगळ्यांची कुलपं उघडणारी एकच चावी. ही चावी एफबीआयच्या हाती आधीच लागली होती. पण टोळीला सावध न करता तिच्यावर घाव घालायचा बेत असल्याने ती जवळपास तीन आठवडे दाबून ठेवली गेली, आणि टोळी मध्येच स्वतःहून गायब झाली. दुकान बंद ठेवून बसलेल्यांना हे नंतर कळलं तेव्हा काय वाटलं असेल! 2024 मध्ये टोळीशी जोडलेल्या युक्रेनच्या एका तरुणाला अमेरिकेत 13 वर्षं 7 महिन्यांची शिक्षा झाली.

शुक्रवार ते सोमवार

‘सॉल्ट’ हे हजारो सर्व्हर एकत्र हाकणारं सॉफ्टवेअर. 30 एप्रिल 2020 ला त्यातली फट जाहीर करताना एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने बजावलं होतं, की शुक्रवारपर्यंत पॅच टाका, नाहीतर सोमवारपर्यंत घरात चोर शिरलेला असेल. त्याच शनिवार-रविवारी लिनिएजओएस, घोस्ट आणि डिजिसर्ट या तिघांचे सर्व्हर फोडले गेले.

आपल्या चेन्नईच्या झोहोचं ‘डेस्कटॉप सेंट्रल’ही 2020 च्या मार्चमध्ये कचाट्यात सापडलं. एका संशोधकाने कंपनीला न कळवता फट थेट ट्विटरवर मांडली. दोन दिवसांत पॅच आला, पण हल्लेखोरही तितकेच चपळ निघाले. डच स्वयंसेवकांचा गुपचूप कळवण्याचा मार्ग मला कितीतरी पटीने बरा वाटतो.

आणि फटच नसेल तर?

फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘एनीडेस्क’ या रिमोट सॉफ्टवेअरबाबत सावध केलं. सॉफ्टवेअर चांगलं, त्यात फट शोधायची गरजही नव्हती. भामटा फोन करून अ‍ॅप उतरवायला लावायचा, पडद्यावरचा नऊ आकडी कोड मागून घ्यायचा आणि यूपीआयमधून पैसे काढायचा. असा फोन आला तर कोड सांगू नका. पैसे गेलेच, तर लगेच 1930 हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवा. तक्रार जितकी लवकर पोचेल, तितकी रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता जास्त.