प्रागच्या विमानतळावरची पुडी

भेट जितकी अनपेक्षित तितकी चांगली, असा आपला एक समज आहे. अर्थशास्त्र त्याला फारसं अनुकूल नाही. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. देणाऱ्याने मोजलेल्या किमतीपेक्षा घेणाऱ्याच्या लेखी त्या वस्तूंचं मोल १० टक्क्यांपासून थेट एक तृतीयांशापर्यंत कमी भरलं. सरळ पैसे दिले असते तर बरं, असा त्याचा रोखठोक अर्थ. खेळवेड्या मित्रांच्या बाबतीत तर हे हमखास घडतं. क्रिकेट आवडतं ना, मग द्या एक जर्सी. फुटबॉल आवडतो, मग संघाचं चिन्ह असलेला मग. आवड ओळखली, पण माणूस राहून गेला. मात्र वॉल्डफोगेल यांनी वस्तूमागच्या भावनेचं मोल हिशेबातून मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. अचानक दिलेली भेट कधी कधी मागून घेतलेल्या भेटीपेक्षा सरस ठरते, ती चकित करते म्हणून नव्हे, तर मागता येणार नाही अशी गोष्ट देण्याचा दुसरा मार्गच नसतो म्हणून.

याचं सर्वांत चोख उदाहरण १९६६ सालचं आहे. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक म्हणजे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, अशा तिन्ही शर्यती जिंकणारा धावपटू. १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस तोच, १९५४ साली. पुढे २८ मिनिटांची भिंत पाडली ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कने. १९६५ मध्ये ऑस्लोत त्याने २७ मिनिटं ३९.४ सेकंद वेळ नोंदवली आणि आधीचा विक्रम अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने मोडला. क्लार्कच्या नावावर एकूण १७ जागतिक विक्रम लागले, पण ऑलिंपिकमधली कमाई एवढीच : १९६४ ला टोकियोत, १०,००० मीटरमध्ये, कांस्य. १९६६ मध्ये तो प्रागला गेला तेव्हा झाटोपेक त्याला सोडायला विमानतळावर आला आणि निरोप घेताना त्याने एक छोटी पुडी हातात सरकवली. शीतयुद्धाचे दिवस, आपल्याकडून काहीतरी चोरून देशाबाहेर नेलं जातंय की काय, अशी शंका क्लार्कला आली. प्राग मागे पडल्यावर त्याने पुडी उघडली. आत झाटोपेकचं १०,००० मीटरचं, हेलसिंकीचं सुवर्णपदक होतं.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलका नाही. न जिंकलेलं पदक मिळून काय मिळालं? शिवाय क्लार्क अजून धावत होता, मेक्सिको ऑलिंपिक दोन वर्षांवर होतं. अशा वेळी पदक देणं म्हणजे ‘तुला काही ते जमायचं नाही’ असं सुचवणंच नव्हे का? समारंभ करून, वार्ताहर बोलावून पदक दिलं असतं तर तसंच झालं असतं. सगळ्यांदेखत दिलेली सहानुभूती खेळाडूला झोंबते. पण झाटोपेकने ते गुपचूप दिलं, आणि तेही अशा क्षणी की क्लार्कला ना नकार देता आला, ना कृतज्ञ चेहरा करावा लागला. ‘नको, हे मी घेऊ शकत नाही’ म्हणायची संधीच उरली नाही. आणि विचारून दिलं असतं तर कुठलाही स्वाभिमानी माणूस तेच म्हणाला असता. पदकाने ऑलिंपिकच्या निकालात काही फरक पडला नाही, पडायचा प्रश्नच नव्हता. ते एका शर्यतीच्या जाणकाराने दुसऱ्याला दिलेलं मत होतं, आणि १०,००० मीटरबद्दल मत द्यायचा अधिकार झाटोपेकइतका फार थोड्यांना होता. (त्याने मॅरेथॉनचं नाही, नेमकं याच अंतराचं पदक निवडलं.) मेक्सिकोत सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत क्लार्क १०,००० मीटरमध्ये सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. ऑलिंपिक सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही.

आता, द्यायला ऑलिंपिक पदक कुणाकडे असतं, हा दुसरा आक्षेप. पण त्या भेटीतली नेमकी नजर फुकट मिळते. गावच्या स्पर्धेत मित्राने एकदाच केलेल्या शतकाचं धावफलकाचं जुनं पान शोधून चौकटीत बसवून देणं, किंवा त्याच्या बंद पडलेल्या कबड्डी मंडळाचा फोटो कुणाच्या तरी कपाटातून मिळवणं, याला पैसे थोडे आणि चौकशी फार लागते. मात्र वापरायच्या वस्तूंना हे लागू नाही, तिथे वॉल्डफोगेल यांचंच ऐकावं. बॅटचं वजन ज्याच्या त्याच्या मनगटाने ठरवायचं असतं, धावायचे बूट पायात घालूनच पाहावे लागतात. असली खरेदी गुपचूप करणं म्हणजे दुकानात बदलून आणायचा हेलपाटा मित्राच्या माथी मारणं. त्यापेक्षा त्याला सोबत न्यावं आणि पैसे आपण भरावेत.