आपली टीम कोणती?

दिवाळीच्या सुटीत जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीहून भाचा आला होता. वय वर्षे अकरा, अंगात अर्जेंटिनाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट आणि पाठीवर मेस्सीचे नाव. रात्री टीव्हीवर परदेशातला सामना पाहता पाहता त्याने सहज विचारले, "मामा, आपली टीम कोणती?" माझे फुटबॉलचे वेड मुंबईच्या कूपरेज मैदानावर पोसलेले. तरी जीभ अडखळली. ज्यांना ज्यांना 'आपले' म्हटले, त्या संघांपैकी बहुतेक आज उरलेलेच नाहीत.

१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी मिलने पंजाबात नेले. पुढे ते कोलकाता आणि गोवा यांच्यातच फिरत राहिले. २००५-०६ मध्ये मात्र मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने ते खेचून आणले. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. जीपगाड्या बनवणाऱ्या कंपनीचा संघ, म्हणून खेळाडूंना 'जीपमेन' म्हणत. २००८ मध्ये या संघाने ड्युरँड चषकही जिंकला आणि २०१० च्या हंगामानंतर तो चक्क बंद झाला! मैदानावर कुणी त्याला खाली ढकलले नव्हते. मालकांनीच संघ गुंडाळला.

आपल्याकडे फुटबॉलचा संघ म्हणजे मुळात नोकरी. एअर इंडियात किंवा ओएनजीसीत खेळणाऱ्याला महिन्याचा पगार असे आणि गुडघा कायमचा दुखावला तरी हजेरीपुस्तकात नाव राही. 'पोरगं दिवसभर बॉलला लाथा मारतं, पण विमान कंपनीत चिकटलं तर जन्माचं कल्याण होईल,' या हिशेबावर कितीतरी घरांतल्या वडिलांनी राग गिळला असेल. मग क्लब व्यावसायिकच हवा, असा आशियाई महासंघाच्या परवान्याचा नियम आला. त्यात न बसल्याने २०१३ मध्ये हे दोन्ही संघ आय-लीगबाहेर पडले. नियम चूक होता असे मी म्हणणार नाही. पण त्या नोकऱ्यांच्या जागी दुसरे काय आले?

मुंबई एफसी आला, २००७ मध्ये स्थापन झाला आणि २०१७ मध्ये लीगमधून घसरल्यावर मिटला. पुणे एफसीने २०१२-१३ मध्ये देशात दुसरा क्रमांक मिळवला आणि २०१५ मध्ये रामराम ठोकला. भारत एफसी बालेवाडीत अवघा एक हंगाम खेळला. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीची तऱ्हा निराळीच. २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली, तिथे २०२१-२२ चे विजेतेपदही आले आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला. बदलीची नोकरी म्हणतात ती हीच! उरला मुंबई सिटी, २०२०-२१ आणि २०२३-२४ चा विजेता.

या साऱ्या काळात खालिद जमील हे नाव मला सारखे आठवते. ते महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांतून खेळले, पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तिथून निघाले ते मिझोरामला. २०१६-१७ मध्ये त्यांच्या ऐझॉलने आय-लीग जिंकली, आणि त्याच हंगामात त्यांचा जुना मुंबई एफसी घसरला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

आणि कोल्हापूर? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... पेठांतल्या तालमींचे हे संघ देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये कधीच खेळले नाहीत. तरीही शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी अख्ख्या पेठा लोटतात. तिथे 'आपली टीम कोणती' हे पोराला विचारावे लागत नाही. घराच्या पत्त्यावरूनच ते ठरते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

मराठवाड्यातून मात्र या लीगमध्ये आजवर एकही संघ गेलेला नाही. भाच्याला मी हे सारे सांगितले. मुंबई सिटीचे नावही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"त्यांचा टी-शर्ट जालन्याला भेटंल का?"

"बघू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे दुकाने धुंडाळायला निघालो. तिसऱ्या दुकानात पुन्हा मेस्सीच निघाला.