भिंतीवरचा सामना

मुलाने बैठकीच्या खोलीसाठी कॅनव्हासवर छापलेले एक छायाचित्र आणले. ७ जून १९७०, मेक्सिकोतील ग्वादालाहारा. ब्राझीलने इंग्लंडला १-० असे हरवले आहे आणि पेले व बॉबी मूर उघड्या अंगाने, एकमेकांच्या जर्सी घेताना हसत आहेत. जॉन वार्ली यांनी टिपलेला हा क्षण.

मी विचारले, "गोलाचे का नाही आणलेस?"

"अब्बा, गोल टीव्हीवर रोजच दिसतात."

अशा छपाईत जाड विणीच्या कापडावर शाईचे बारीक थेंब फवारतात. मग कापड लाकडी चौकटीवर ताणून कडा मागे ठोकतात. काच नसल्याने दिव्याची चमक आड येत नाही. मात्र मूळ प्रत लहान असेल तर मोठी करताना चेहरे फुटतात. ऊन लागले की रंग उडतो, पावसाळी ओलीने बुरशी धरते. म्हणून चित्र कोरड्या, सावलीतल्या भिंतीवर लावावे.

मूर १९९३ मध्ये गेले, पेले २०२२ मध्ये. हसू राहिले. घराच्या वाटणीपासून धाकट्या भावाशी माझा अबोला होता. येता-जाता हरलेल्या मूरचा चेहरा दिसायचा. यंदा ईदला मीच त्याला फोन केला.