डोळ्यांतला ठिपका

कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलात तर चित्रकथी जरूर पाहा हं! ठाकर समाजाचे कलाकार एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारत गाऊन सांगतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

अशीच चित्रं दाखवत फिरणारे जादू-पटुआ झारखंड आणि पश्चिम बंगालमध्ये आहेत. संथाळांच्या घरात कुणी गेलं, अगदी लहान मूलसुद्धा, की ते त्याचं छोटंसं चित्र घेऊन येतात. चित्रात सगळं असतं, फक्त डोळ्यांत बुबुळं नसतात! घरच्यांनी दान दिलं, की पटुआ तेवढे ठिपके देतो. हेच चक्षुदान. आता गेलेल्याला पुढची वाट दिसेल, असं मानतात. घरच्यांनाही धीर येतो.

आपल्याकडे मात्र गेलेल्या बाळाचं नाव काढायलाही मोठी माणसं कचरतात. तुमच्या घरी असं झालं असेल, तर आईबाबांना विचारून पोस्टकार्डाएवढं चित्र काढा. त्याची कुंची, वाळे, खुळखुळा, काहीही चालेल. खाली नाव लिहा. आई रडली तर घाबरू नका. नुसते तिच्याजवळ बसा.